ओढ्याच्या मोरीवरचा उजेड

रात्रीची जेवणं आटोपून भांडी पालथी पडली, तरी व्हरांड्यातला दिवा काही विझला नव्हता. नातू आणि त्याचा मित्र जुनी चादर पसरून तिच्यावर अवजारं मांडत होते. पहाटे दोघं मोटरसायकलवर निघणार, तीन दिवस फिरणार, आणि वाटेत गाडी अडली तर बरोबर काय काय असावं यावर तासभर खल चालला होता. उंबऱ्याशी नातसून बसली होती, मांडीवर बाळ. बाळ केव्हाच झोपलं होतं, तरी तिचा हात थोपटायचा थांबत नव्हता.

आजोबा खुर्चीतून बघत होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. इतका वेळ गप्प बसले हेच नवल.

"ही हातोडी कशाला?"

"असू दे म्हटलं," नातू म्हणाला.

"वाटेत कुणाचं घर बांधायचंय?"

मित्रानं घाईघाईनं एक चकचकीत पेटी पुढे सरकवली. "हा बेचाळीस तुकड्यांचा सेट आहे, आजोबा. सगळी मापं यात आहेत."

"तुझ्या गाडीला त्यातली किती लागतात?"

मित्रानं पेटी उघडून मोजायला घेतलं.

"सहा. उरलेले छत्तीस तू हवापालटाला नेतोयस. नीट गुंडाळून ने, गार वारा लागेल त्यांना."

नातसून खुदकन हसली. नातवानं हातोडी हळूच चादरीखाली सरकवली.

"तुम्ही दोघं प्रोफेसरच्या तावडीत सापडायला हवे होतात," आजोबा म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दहाला दहा कमी. त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण नकोच. त्याचं स्वतःचं काय झालं ते ऐका. गोष्ट म्हणून सांगत नाही. माणूस माझ्या ओळखीचा, अजून आहे. तीन वर्षांपूर्वीचा मार्च, दुसरा गुरुवार. सूनबाई, तुला आत जायचं असेल तर आत्ताच जा."

"मी ऐकते," ती म्हणाली, आणि बाळाच्या कानावर ओढणी ओढून घेतली.

प्रोफेसर हे त्याला लोकांनी चिकटवलेलं नाव. तो काही कॉलेजात शिकवत नव्हता. आजोबांच्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्याच्या काउंटरवर उभा असायचा. पण गिऱ्हाईक नट मागायला आलं की त्याला आधी व्याख्यान मिळायचं, मग नट. आणि बोलताना हा माणूस मान वर करायचा नाही. समोर म्हातारं आहे की तरणं, बाई आहे की बुवा, बघायचं नाही. नजर काउंटरवर, टोमणा गिऱ्हाईकाला.

"पकडीनं सोडवलंत ना हे नट? कोपरे सगळे खाल्लेत. दातांनी का नाही सोडवलंत, तेवढेच बाकी होते."

कुणी लहानमोठा होणारा, स्क्रूचा पाना मागितला की म्हणायचा, "आहे. आळशी माणसांसाठी मुद्दाम ठेवलाय. देऊ?"

लोक ऐकून घ्यायचे, कारण माणसाचं म्हणणं कधी चुकायचं नाही. त्यामुळेच तो जास्त शेफारला होता.

त्याची स्वतःची अवजारं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. एका रविवारी तो गाडीशेजारी दिवसभर जमिनीवर लोळला, आणि तिच्या अंगावरचं एकेक नट मोजून कागदावर उतरवलं. मग सीटच्या जुन्या रेग्झिनची सात कप्प्यांची गुंडाळी शिवून घेतली. जे नट गाडीवर नाही त्याचा पाना गुंडाळीत नाही, असा नियम. दहा-बाराचा एक पाना, चौदाचा एक, मागच्या चाकाच्या एक्सलचा मोठा, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर आणि टायर उचकटायला दोन टॉमी. वर पंक्चरची डबी आणि हातपंप. लोक मुलांचे फोटो दाखवतात तशी तो ती गुंडाळी उलगडून दाखवायचा, आणि दुसऱ्यांच्या पिशव्या बघून नाक मुरडायचा.

आजोबांनी एकदा त्याला सांगितलं होतं, "यात कपाळाला बांधायची एक बॅटरी टाक. रात्री कामाला दोन्ही हात लागतात."

"डोक्याला दिवा बांधून फिरायला मी काय कोळशाच्या खाणीत जातो?" प्रोफेसर म्हणाला. "मोबाईलला उजेड आहे. आणि रस्त्यावर कुणी ना कुणी रिकामटेकडं उभं असतंच. त्याला धरायला लावायचं. उजेड धरायला अक्कल लागत नाही."

तर त्या गुरुवारी रात्री नऊला त्याच्या बहिणीचा फोन आला.

बहीण अठ्ठावीस किलोमीटरवरच्या गावात राहायची. नवरा रात्रपाळीला. पदरात चौदा महिन्यांचा मुलगा, छातीनं नाजूक. त्याला वाफ द्यायचं एक छोटं मशीन होतं. रविवारी ती भावाकडे येऊन गेली आणि मशीन भावाच्या घरी फळीवरच राहिलं.

"दादा, मशीन तिकडेच राहिलंय," ती म्हणाली. "ह्याची छाती वाजायला लागलीय. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, लगेच वाफ द्या, फार तर दीड तास थांबा, नाहीतर उचलून इकडे घेऊन या. कशात आणू मी? इथे या वेळेला सायकलसुद्धा मिळत नाही."

तिच्या बोलण्यामागे बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. दर श्वासाला एक शिट्टी.

"मशीन विसरलीस," प्रोफेसर म्हणाला. "पोर तरी नेलंस ना बरोबर? की तेही इथेच आहे? थांब, फळीवर बघतो."

शिट्टी तेवढी ऐकू येत राहिली.

उंबऱ्यावरचा थोपटणारा हात थांबला. "असं बोलवतं तरी कसं," नातसून म्हणाली.

"वाईट नव्हता तो," आजोबा म्हणाले. "भाच्यावर जीव होता त्याचा. जिभेला मात्र हाड नव्हतं. बहिणीला बोलला आणि त्याच पावली चपला घालायला लागला."

शेजारी व्हॅन चालवायचा. आवाज ऐकून तो बाहेर आला. म्हणाला, "गाडी काढतो, दहा मिनिटं थांबा, बरोबर जाऊ."

"तुझ्या व्हॅनला स्टेपनी आहे?"

"आहे की."

"तिच्यात हवा आहे?"

शेजारी जरा चाचरला.

"मग तू झोप," प्रोफेसर म्हणाला आणि किक मारली.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मशीन टॉवेलात गुंडाळून बॅगेत, बॅग छातीशी उलटी अडकवलेली. गुंडाळी आणि पंप मागे बांधलेले. फोनचं चार्जिंग नऊ टक्के, कारण संध्याकाळभर फोनवरून कुणाला तरी शहाणपण शिकवणं चाललं होतं. रस्ता ओळखीचा. आठ किलोमीटरवर वस्ती संपते, मग नुसती शेतं आणि खडी. आकाशात चंद्र नव्हता, तो पहाटे उगवायचा होता.

सोळाव्या किलोमीटरला मागचं चाक डोलायला लागलं. पंक्चर.

त्याला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं असेल. इतकी वर्षं मिरवलेल्या गुंडाळीला शेवटी काम मिळालं होतं. पंचवीस मिनिटांचं काम, त्याचा हिशोब तयार होता. साडेदहाच्या आत बहिणीच्या दारात.

आता जागा. कडेला सगळी सुटी खडी, तिच्यात स्टँड रुततो आणि गाडी कलंडते. दुसरा कुणी असता तर तिथेच खटपट करत बसला असता. हा गाडी ढकलत पन्नास पावलं पुढे गेला. तिथे ओढ्यावरची मोरी होती, लहानसा पूलच म्हणा, आणि मोरीवर सपाट काँक्रीट. गाडी त्यानं आडवी घेतली. तोंड रस्त्याकडे, मागचं चाक कडेकडे. मोठ्या स्टँडवर चढवली आणि चाकामागे उकिडवा बसला. पाठीला झुडपाचा शेंडा लागत होता. रस्त्याकडेचं झुडूप, त्यानं लक्ष दिलं नाही.

फोनचा दिवा लावून फोन दगडाला टेकवला. पाने भराभर चालले. मागचा ब्रेक जागेवर धरून ठेवणारी हातभर लांबीची लोखंडी पट्टी असते. तिचं चौदाचं नट आधी सोडलं, त्याच्यातली बारीक पिन पकडीनं ओढून काढली. मग एक्सल सोडला. चाक बाहेर.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, कुठे आहेस?"

"मोरीवर. पंक्चर आहे. वीस मिनिटं."

"दादा, त्याचे ओठ बघ कसे... त्याचे ओठ ना..."

फोन बंद पडला. चार्जिंग संपलं.

अंधार असा पडला की स्वतःचे हात दिसेनात.

प्रोफेसरनं फोनला एक शिवी दिली, एक बहिणीला, एक फोन बनवणाऱ्याला. स्वतःला दिली नाही. चाचपडत टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, थोडी हवा भरून गालाजवळ फिरवली. हनुवटीशी गार फुंकर लागली. भोक सापडलं. त्यावर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं पंक्चरची डबी शोधायला लागला. डबी हाताला लागली, झाकण निसटलं, आतलं सगळं सांडलं. पॅच कुठे, सोल्युशन कुठे. हात नुसता काँक्रीटवर फिरत होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं... ओठ कसे? कसे म्हणत होती ती?

तेव्हा मागून उजेड आला.

उजव्या खांद्यावरून, नेमका डबीवर.

"आलास?" प्रोफेसर म्हणाला. मान वर केली नाही. "बरं झालं. नीट धर."

"कोण होता?" मित्रानं विचारलं.

"ते त्यानं बघितलंच नाही. काउंटरवरची सवय. उजेड धरणाऱ्याकडे काय बघायचं?"

"चोर असेल."

"चोर उजेड धरून मदतीला उभा राहतो? तू बॅग भर तुझी, छत्तीस तुकडे राहिलेत."

पण मित्रानं पेटीला हात लावला नाही.

प्रोफेसरला वाटलं, असेल कुणी शेतावरचा राखणदार. गाडीचा आवाज आला नव्हता, म्हणजे चालत आला असणार. असल्या लोकांना दुसरा उद्योग नसतो. उजेड मोबाईलसारखा पांढरा नव्हता. पिवळट होता, सेलच्या जुन्या बॅटरीचा असतो तसा. मात्र हात स्थिर होता. त्याला तेवढंच हवं होतं.

"डावीकडे घे."

उजेड डावीकडे गेला.

"इतका नाही रे. तुझं डावं वेगळं आहे का?"

उजेड थोडा परत आला.

पॉलिशपेपर घासला. सोल्युशन लावलं. ते सुकेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात त्यानं गप्पा मारल्या. त्याच्या पद्धतीच्या गप्पा.

"नाव काय तुझं?"

...

"बोलायला कुणी शिकवलं नाही वाटतं. चालेल. बोलणाऱ्यांनी तरी कुठे दिवे लावलेत."

...

पॅच बसवला, ट्यूब आत सारली, टायर टॉमीनं रिमवर चढवायला घेतला. चाकाची सावली हातावर पडायला लागली.

"वर घे. अजून वर. उंच धर की जरा. पाय गाडलेत का तुझे?"

उजेड थांबला. मग हळूहळू वर चढायला लागला. कुणीतरी फार कष्टानं उचलत असावं तसा. पण चढला. सावली सरकली, काम दिसायला लागलं.

"हं. सांगितलं की जमतं."

हवा भरायला त्यानं पंप मारायला सुरुवात केली. शंभर दट्टे मोजून मारायचे. साठाच्या सुमारास त्याच्या एक लक्षात आलं. मार्चची रात्र, खाली ओढा, आणि एवढ्या उजेडावर एकही किडा नाही. चिलट नाही. पाकोळी नाही.

ऐंशीच्या सुमारास दुसरं लक्षात आलं.

त्याच्या कानात पोराची ती शिट्टी अजून वाजत होती. श्वास म्हटला की आवाज असतोच. आजारी असो, धडधाकट असो. शांत रात्री हातभर अंतरावर माणूस उभा असेल तर त्याचा श्वास ऐकू येतोच. त्यानं पंप थांबवून कान दिला.

स्वतःचा श्वास ऐकू आला.

बस.

उंबऱ्यावर नातसुनेनं बाळाच्या छातीवर हात ठेवला. हात वर-खाली होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

"तेव्हा तरी मागे बघावं ना त्यानं," नातू म्हणाला.

"तू बघितलं असतंस?" आजोबा म्हणाले. "पोर तिकडे, चाक इकडे, आणि उजेड त्या मागच्याच्या हातात. बघितलं आणि उजेड गेला, तर?"

प्रोफेसरनं शंभर पुरे केले. चाक उचलून जागेवर घातलं. साखळी चढवली. एक्सल सारला, नट आवळलं. हात शिकलेले होते. चाक फिरवून बघितलं. मोकळं फिरलं.

"झालं," तो म्हणाला. "आता उजेड जमिनीवर घे. सामान गोळा करतो."

उजेड हलला नाही.

चाकाच्या उजव्या बाजूला, खाली, एकाच जागी.

"ऐकू येत नाही का?"

हलला नाही.

"अरे, इकडे. जमिनीवर. पोर मरायला टेकलंय तिकडे आणि तुला आत्ता गंमत सुचतेय? बिनडोक मेला. म्हणून तर रात्री-अपरात्री ओढ्याकाठी भटकायची वेळ येते तुमच्यावर."

हलला नाही.

त्यानं रागानं उजेडाच्या आड हात धरला. बोटं पिवळी झाली. उजेड हाताला गरम लागला नाही, गार लागला नाही. तो नुसता तिथे होता. वाट बघत.

मग त्यानं हात काढला. आणि उजेड जिथे होता तिथे बघितलं.

ब्रेकची पट्टी लोंबत होती.

जोडायचीच राहिली होती. नट नाही, पिन नाही, काही नाही. एरवी कुणी असं चाक बसवून आणलं असतं तर प्रोफेसरनं त्याला दुकानाच्या पायरीवर उभं करून चार माणसांत सोलला असता. अशी गाडी चालताना कळत नाही. सरळ जाते. पण पहिल्यांदा ब्रेक दाबला की सगळं चाकात गुंडाळलं जातं, चाक जागेवर जाम होतं, आणि माणूस गाडीच्या पुढे जाऊन पडतो. छातीशी मशीन, मशीनवर माणूस.

त्यानं पट्टी वर धरली. बोल्ट सारला. चौदाच्या पान्यानं नट आवळलं. आता पिन. पिन कुठे ठेवली आठवेना. तो काही म्हणाला नाही. तोंड उघडलंच नाही.

उजेड आपणहून सरकला. स्टँडच्या पायाशी गेला. तिथे पिन होती.

पिन घातली. टोकं वाकवली.

आता फक्त ओढ्याचा आवाज. थेंब थेंब. कुठून तरी... खालून.

खालून.

पाना हातातच होता. तो उठला नाही. मान वळवली नाही. अनेक वर्षांत जे कुणाला म्हटलं नव्हतं ते त्यानं म्हटलं. अगदी हळू.

"उपकार झाले तुमचे."

उजेड गेला.

काळोख. त्यानं मागे हात नेला. झुडपाचा शेंडा लागला. त्याच्या पलीकडे हात नेला. काही नाही. जमीन चाचपायला हात खाली केला. काँक्रीट... वीतभर काँक्रीट... मग कड.

कडेपुढे काही नाही.

हात ओला झाला होता घामानं. पाना सुटला.

आवाज लगेच यायला हवा होता.

आला नाही.

मग आला. फार खालून. थप्प.

झुडूप मोरीच्या भिंतीतून उगवलेलं होतं. मोरीला त्या बाजूला कठडा नव्हता. इतका वेळ हा त्या कडेला पाठ करून बसला होता, आणि त्याच्या पाठीमागे एक पाऊल ठेवायलासुद्धा जागा नव्हती.

आजोबा थांबले. मित्रानं मान न वळवता डोळे तेवढे मागे अंगणाकडे नेले आणि परत आणले.

"आणि बाळ?" नातसुनेनं विचारलं. "आजोबा, बाळाचं आधी सांगा."

"सांगतो."

गुंडाळी, पंप, टॉमी, सगळं तिथेच टाकून तो निघाला. ज्या गुंडाळीला त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता ती उघडी रस्त्यात. बहिणीच्या गावाआधी एक उतार आहे. उताराच्या तळाशी, वळणावर, एक ट्रॅक्टर दिवे न लावता उभा होता. प्रोफेसरनं ब्रेक दाबला, सगळा जीव पायात आणून. पट्टीनं ब्रेक धरून ठेवला. गाडी ट्रॅक्टरपासून दोन हातांवर थांबली.

बहीण दारातच उभी होती, पोर खांद्यावर. दहा वाजून अडतीस मिनिटं. पोराचे ओठ निळसर झाले होते. भावानं मशीन लावलं, तिनं तोंडावर मास्क धरला. खोलीत मशीनची घरघर आणि ती शिट्टी. सव्वाअकराच्या सुमारास शिट्टी बारीक झाली. मग थांबली. बहिणीनं घाबरून पोराच्या नाकाशी बोट नेलं, तर पोर झोपलं होतं.

"आता साडेचार वर्षांचा आहे," आजोबा म्हणाले. "माझ्या गॅरेजात येऊन नटं पळवतो."

नातसुनेचा थोपटणारा हात पुन्हा सुरू झाला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसर माझ्याकडे आला," ते पुढे म्हणाले. "म्हणाला, सामान आणायला जायचंय, बरोबर चला. दिवसाउजेडी, सोळा किलोमीटर, आणि याला सोबत हवी. एरवी मी सोडला नसता त्याला. पण त्यानं माझ्याकडे बघितलं बोलताना. डोळ्यांत. तेव्हा मी गप्प बसलो आणि गाडी काढली."

सामान जसंच्या तसं पडलेलं होतं. कुणी नेलं नव्हतं. काँक्रीटवर टायरचा काळा डाग, सांडलेले पॅच, गुंडाळी. पाना तेवढा खाली. प्रोफेसर कडेजवळ यायला तयार होईना, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मग आजोबाच बाजूच्या पायवाटेनं ओढ्यात उतरले. त्यांच्या खिशात मोजायचा टेप होता. कडेपासून खालच्या वाळूपर्यंत त्यांनी माप घेतलं. अकरा फूट चार इंच.

वाळू ओली होती, हातानं सारवल्यासारखी सपाट. पाना तिच्यात रुतलेला.

"मिळाला का?" वरून प्रोफेसरनं विचारलं.

आजोबांनी उत्तर दिलं नाही.

"का?" नातवानं विचारलं.

आजोबांनी समोरच्या चादरीवरच्या अवजारांकडे बघितलं. मग म्हणाले, "पान्याशेजारी दोन पावलं उमटली होती. बुटांची. फार मोठी नाहीत, तुमच्या-माझ्या मापाची. तोंड मोरीच्या भिंतीकडे. तिथवर आलेलं पाऊल एकही नाही. तिथून गेलेलं नाही. सगळी वाळू कोरी, आणि मधे ती दोन."

नातसुनेनं बाळ उचलून छातीशी धरलं.

"चवडे बोटभर खोल गेले होते," आजोबा म्हणाले. "टाचा उमटल्याच नव्हत्या."